ऐकू आलेले स्वातंत्र्य

१७ सप्टेंबरच्या सकाळी जालन्याच्या टाऊन हॉलपाशी, हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्तंभाजवळ झेंडा चढतो. पोलिसांची तुकडी सलामी देते, पुष्पचक्र वाहिले जाते. पुढच्या रांगेत हयात असलेले स्वातंत्र्यसैनिक किंवा त्यांच्या घरची माणसे बसलेली असतात आणि मागे शाळेची मुले उभी असतात. एखादे मूल विचारते, की देश तर १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, मग आपल्याकडे आज पुन्हा झेंडा का? मास्तर त्याला तेरा महिन्यांचा हिशेब सांगतात : भारत १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला; निजामाचे हैदराबाद संस्थान, आणि त्यातला आपला मराठवाडा, १९४८ च्या सप्टेंबरमध्ये. उत्तर बरोबर आहे. पण त्या मुलाने आणखी एक प्रश्न विचारावा असे आम्हाला फार वाटते. भारतीय फौज जालन्यात १७ तारखेच्या आधीच येऊन पोहोचली होती. मग आपण १७ का धरतो?

१३ सप्टेंबर १९४८ हा सोमवार होता. त्या पहाटे भारतीय फौजा चहूबाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य चढाई सोलापूरकडून, नळदुर्गच्या रस्त्याने, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली झाली. आपल्या बाजूला खानदेश-वऱ्हाडाच्या हद्दीवरून तुकड्या आत आल्या आणि पहिल्या तीन दिवसांतच औरंगाबाद आणि जालना फौजेच्या ताब्यात गेले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८१ चा १ मे उजाडावा लागला. म्हणजे हैदराबाद पडायच्या आधी आपले गाव सुटले होते. कुंडलिकेच्या पुलावरून, पहिल्या निजामाच्या हुकमाने १७२५ साली बांधलेल्या मस्तगडाखालून लोक येत-जात होते, आणि शहराचा मालक बदललेला होता.

तरीही मुक्तीचा दिवस म्हणून आपण ती तारीख धरली नाही. कोणत्याही सरकारी ठरावाच्या आधीच लोकांनी हे ठरवून टाकले असावे असे आम्हाला वाटते. फौज आज आहे, उद्या असेल की नाही याची खात्री कुणाला होती? हैदराबादला अजून निजाम गादीवर होता आणि त्याचे सरकार लढतो आहोत असे म्हणत होते. खेड्यापाड्यांत रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत एका फौजी ट्रकने पुसली जाण्यासारखी नव्हती. आसफजाही घराण्याचा अंमल १७२४ पासूनचा, सव्वादोनशे वर्षांचा. ज्यांच्या आज्यापणज्यांनी दुसरे राज्य पाहिले नाही, त्यांना ते राज्य संपले हे पटायला ते त्या राज्याच्याच तोंडून ऐकावे लागले. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजाम उस्मान अली खान आपल्या रेडिओवरून बोलला. आपण जी तारीख पाळतो ती त्या आवाजाची आहे.

रेडिओने एखाद्या मुलखाची तारीख ठरवावी, हे तेव्हाच्या जगाला नवे नव्हते. ब्रिटनमध्ये ३ सप्टेंबर १९३९ च्या रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी जर्मनीशी युद्ध सुरू झाल्याचे बीबीसीवरून सांगितले, आणि युद्ध घराघरांत एकाच क्षणी शिरले. ८ मे १९४५ रोजी दुपारी तीनला चर्चिल बोलले, रात्री नऊला राजा बोलला, आणि युरोपातली लढाई संपली. त्या सुमारास तिथे रेडिओचे परवाने होते सुमारे एक कोटी. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास प्रत्येक घरी एक पेटी. खाणकामगार आणि उमराव एकाच वेळी तेच वाक्य ऐकत होते. सगळा देश एका खोलीत बसल्यासारखा. या अनुभवावर ब्रिटिशांनी आपले अर्धे युद्ध तोलून धरले.

भारतात रेडिओ याच घराण्यातून आला. १९२७ च्या २३ जुलैला मुंबईत खासगी कंपनीचे केंद्र सुरू झाले, ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि सरकारने कारभार हातात घेतला. १९३५ साली बीबीसीतून लायोनेल फील्डन हा माणूस दिल्लीला आला आणि १९३६ च्या ८ जूनला ऑल इंडिया रेडिओ हे नाव रूढ झाले. युद्धाच्या काळात तर लंडनहून बीबीसीने मराठीतही प्रसारण सुरू केले. पण पेट्या कुठे होत्या? फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. साऱ्या देशात सेट होते पावणेतीन लाखांच्या आसपास. हजार माणसांमागे एकही धड पडत नाही. आणि त्या सहा केंद्रांचा आवाज पोहोचत होता जेमतेम अडीच टक्के भूभागावर.

या सहांखेरीज संस्थानांची पाच केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. शेवटची दोन्ही निजामाची. हैदराबादचे दख्खन रेडिओ ३ फेब्रुवारी १९३५ रोजी सुरू झाले ते अवघ्या दोनशे वॅटच्या ताकदीवर. शंभराचे दोन बल्ब जेवढी वीज खातात तेवढीच. पुढे मोठी यंत्रे आली, आणि दुसरे केंद्र आपल्या उंबऱ्याशी, जालन्याहून पंधरा-सोळा कोसांवर औरंगाबादेत उभे राहिले. या रेडिओचा मुख्य बाज उर्दूचा होता, कारण राज्याची भाषा उर्दू. तेव्हा शाळेत उर्दूतून शिकलेल्या पुरुषांना त्यातले कळत होते. माजघरातल्या बाईला कळत नव्हते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. राज्याचा आवाज घरात येत होता आणि घरातल्या निम्म्या माणसांना तो परका होता.

ती पेटी कशी होती, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. लाकडी खोके, पुढे जाळीदार कापड, खाली स्टेशनांची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा काटा. आत काचेचे वाल्व. बटण फिरवले की ते तापायला वेळ लागे, आणि तोवर घर गप्प बसे. माळवदावर दोन बांबूंमध्ये ताणलेली एरियलची तार, दुसरी तार जमिनीत ओल धरून गाडलेली. वीज नसेल तिथे बॅटरी, आणि बॅटरी उतरेल म्हणून रेडिओ मोजकाच लावायचा. पावसाळ्यात ढग गडगडले की आवाजाच्या जागी नुसती खरखर. असा रेडिओ गावात एखाद्या वकिलाकडे, अडत्याकडे, डॉक्टराकडे असायचा. बाकीचे लोक रेडिओ ऐकत नसत; रेडिओ ऐकलेल्या माणसाचे ऐकत. लंडनमध्ये आवाज पेटीतून थेट कानात जात होता. आपल्याकडे तो पेटीतून ओसरीवर, ओसरीवरून पारावर, पारावरून बाजाराच्या दिवशी बैलगाडीने खेड्यात जात होता. वाटेत त्यात भर पडे, काही गळे, आणि भाषाही बदले. दिल्लीहून निघालेली इंग्रजी किंवा हिंदी आणि हैदराबादहून निघालेली उर्दू आमच्या घनसावंगी-भोकरदनच्या खेड्यात पोहोचेपर्यंत मराठवाडी मराठी झालेली असे.

मध्यम लहरींच्या रेडिओची आणखी एक खोड होती. दिवसा या लहरी जमिनीला धरून चालतात आणि थोड्या अंतरावर विरून जातात. आकाशाकडे निघालेल्या लहरी सूर्यकिरणांनी तयार होणाऱ्या वातावरणाच्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरघळतो, लहरी त्याहून उंचावरच्या थराला धडकतात आणि शेकडो मैलांवर परत जमिनीवर उतरतात. म्हणून दिवसा जवळचे स्टेशन लागते आणि रात्री लांबचे. १९४७-४८ साली या साध्या निसर्गनियमाचा अर्थ काय होत होता हे पाहा : दिवसा काट्यावर निजामाचे औरंगाबाद, आणि रात्र पडली की खरखरीतून वर येणारी मुंबई, दिल्ली. संस्थानाच्या हद्दीवर नाकी होती, पोलीस होते, हाली रुपया वेगळा होता, कर वेगळे होते. लहरींना नाके नव्हते.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री जवाहरलाल नेहरूंचे भाषण याच वाटेने मोगलाईत आले. हो, मोगलाईच, आपला मुलूख जुन्या माणसांच्या तोंडी मोगलाईच होता. ज्यांच्याकडे पेटी होती त्यांनी ते ऐकले असेल आणि पेटी बंद केल्यावर त्यांना कळले असेल की बाहेर काहीच बदललेले नाही. आवाज आला, स्वातंत्र्य आले नाही. दुसऱ्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. नंतरचे तेरा महिने आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘रझाकारी’ या एका शब्दात साठवले आहेत. त्या शब्दात जाळलेली घरे आहेत, सीमेपलीकडे पळालेली कुटुंबे आहेत आणि हद्दीवरच्या कॅम्पांमध्ये बंदूक शिकलेली पोरे आहेत. तो शब्द उच्चारताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज आपोआप खाली येई. आपल्याविरुद्ध बोलणारा कोणत्या धर्माचा आहे हेही रझाकार पाहत नव्हते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, फौजा शिरायच्या तीन आठवडे आधी, त्यांना हैदराबादेत रात्री रस्त्यावर गाठून मारले. वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिणाऱ्या प्रत्येकाने १७ सप्टेंबरला त्यांचे नाव एकदा तरी घ्यावे.

१३ ते १७ सप्टेंबर हे पाच दिवस म्हणजे दोन रेडिओंची लढाई. हैदराबाद म्हणत होते, आमची फौज झुंजते आहे. दिल्ली म्हणत होती, आमची फौज पुढे सरकते आहे. एकाच पट्टीवर, बोटभर अंतरावर दोन सत्ये. काटा थोडा डावीकडे नेला तर निजाम जिंकतोय, उजवीकडे नेला तर हरतोय. १६ तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार उभी राहिली, आणि जगाचे लक्ष आपल्याकडे वळले असे क्षणभर वाटले असेल. इथे एक तपशील मुद्दाम नोंदवतो, कारण तो कुणी सांगत नाही : सरदार पटेलांकडे तेव्हा गृहखाते आणि संस्थानखाते होतेच, शिवाय माहिती आणि नभोवाणी खातेही होते. संस्थाने विलीन करणारा माणूस आणि देशाच्या रेडिओचा मंत्री एकच होता. ज्या हाताने कारवाईची आज्ञा दिली, त्याच हाताखाली तिची बातमी होती. नव्या देशाच्या रेडिओला सत्तेपासून वेगळा श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही, आणि त्या काळात मिळणे अवघडही होते. पण पुढच्या कैक वर्षांच्या सरकारी रेडिओचे बीज इथे आहे, हे विसरता येत नाही. ब्रिटनने युद्धात बीबीसीला जेवढे सैल सोडले तेवढेही आपण आपल्या रेडिओला शांततेत सोडले नाही.

१७ सप्टेंबर हा शुक्रवार. तिथीने भाद्रपदातली अनंत चतुर्दशी. सकाळी हैदराबादचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा निजामाला दिला आणि रेडिओवरून तसे सांगितले. एवढ्या मोठ्या फौजेपुढे आणखी रक्त सांडण्यात अर्थ नाही, असा त्या बोलण्याचा आशय होता. दुपारी निजामाने कन्हैयालाल मुन्शींना बोलावून घेतले. मुन्शी हे भारत सरकारचे हैदराबादेतले प्रतिनिधी. गुजराती वाचकांना कादंबरीकार म्हणून ठाऊक असलेले तेच. कारवाई सुरू झाल्यापासून ते नजरकैदेत होते. काल ज्याला कोंडून ठेवले त्यालाच आज विचारायचे, की आता काय करू? मुन्शींनी सांगितले, रेडिओवरून बोला. पाच वाजता शस्त्रसंधी झाली. संध्याकाळी निजाम नभोवाणी केंद्रावर गेला. तेरा वर्षांपूर्वी त्याच्याच अमलात सुरू झालेल्या रेडिओच्या इमारतीत तो त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल ठेवत होता.

या प्रसंगापाशी आम्ही नेहमी रेंगाळतो. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्याची गणना होत होती, ज्याच्या नावाने फर्माने निघत, ज्याच्यापुढे लोक वाकून बोलत, त्याला प्रजेशी बोलण्याची गरज एवढ्या वर्षांत कधी पडली नव्हती. त्याच्या वतीने इतर बोलत. त्या संध्याकाळी मात्र पायघड्या नाहीत, सलामी नाही, समोर एक यंत्र आणि हातात कागद. सरकारने राजीनामा दिला आहे, फौजांना लढाई थांबवण्याचा हुकूम दिला आहे, रझाकार संघटनेवर बंदी घातली आहे, भारतीय फौजांना सिकंदराबाद आणि बोलारमला येण्याची मुभा आहे, हे त्याने सांगितले. स्वामी रामानंद तीर्थांच्या सुटकेचा हुकूमही झाला. त्या बोलण्यात मराठी नव्हती. परतूरच्या शेतकऱ्याला, बदनापूरच्या न्हाव्याला, अंबडच्या कोष्ट्याला जे ऐकायचे होते ते त्याला शेजारच्या कुणीतरी मराठीत सांगितले. ‘निजाम शरण आला’ ही तीन शब्दांची मराठी बातमी निजामाच्या त्या बोलण्यात कुठेच नव्हती. ती लोकांनी केली.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला दुपारी चारला, हैदराबादच्या फौजेचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे औपचारिक शरणागती पत्करली. कागदावर पाहिले तर राज्य १८ ला गेले. फौजेच्या हिशेबाने जालना त्याच्या आधीच आपले झाले होते. या दोहोंच्या मधली १७ तारीख मराठवाड्याने उचलली. सह्यांपेक्षा आणि संगिनींपेक्षा माणसांनी आवाजावर भरवसा ठेवला, यात आम्हाला आपल्या लोकांचे शहाणपण दिसते. पिढ्यान् पिढ्या कीर्तन, भारूड आणि पारावरचे बोलणे यांवर जगलेला हा मुलूख. जांब समर्थची यात्रा असो की राजूरच्या गणपतीची चतुर्थी, इथली माणसे बातमीसुद्धा कानांनीच घेत आली आहेत.

आणखी एका आवाजाची आठवण इथे होते. १९४७ च्या १२ नोव्हेंबरला महात्मा गांधी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर गेले. तिथे जाण्याची त्यांचीही ती पहिलीच वेळ, आणि शेवटचीही. कुरुक्षेत्राच्या छावणीत पडलेल्या निर्वासितांना दिवाळीत भेटायला जाता आले नाही, म्हणून त्यांच्याशी रेडिओवरून बोलायचे होते. दहा महिन्यांच्या अंतराने दोन म्हातारे, दोघेही नभोवाणी केंद्राला अनोळखी, यंत्रापुढे बसले. एकाला आपल्या माणसांपर्यंत पोहोचता येत नव्हते म्हणून, आणि दुसऱ्याला दुसरी वाट उरली नव्हती म्हणून.

निजाम २३ सप्टेंबरला पुन्हा बोलला. या वेळी त्याने सगळा दोष रझाकारांचा नेता कासीम रझवी आणि त्याच्या टोळीवर टाकला : वर्षभरापूर्वी त्यांनी माझ्या पंतप्रधानाच्या, छत्तारीच्या नवाबाच्या, आणि माझ्या सल्लागाराच्या घराला वेढा घातला, माझे हात बांधले, असे त्याने सांगितले. वेढ्याची घटना खरी आहे. पण आठवड्यापूर्वी ज्या रेडिओवरून एक गोष्ट सांगितली जात होती त्याच रेडिओवरून तिच्या उलट सांगितली गेली, आणि श्रोत्यांनी तीही ऐकून घेतली. पेटी तीच, काट्याची जागा तीच. आवाजावर भरवसा ठेवण्याचा धोका इथे आहे, आणि १७ सप्टेंबर पाळणाऱ्यांनी तो नजरेआड करू नये.

कारण रेडिओने जे सांगितले त्यापेक्षा जे सांगितले नाही ते कमी मोठे नव्हते. १८ सप्टेंबरला नेहरू देशाला उद्देशून बोलले, जातीय सलोख्यावर त्यांनी भर दिला. त्याच दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या मराठी आणि कन्नड भागांत सुडाचे सत्र चालू झाले. रझाकारांनी जे केले त्याची किंमत गावोगावच्या अशा मुसलमानांकडून वसूल झाली, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत सर्वांत वाईट घडले. खुद्द नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कैक दशके लोकांपुढे आला नाही. तो कुठल्या रेडिओने वाचला नाही, कुठल्या वर्धापनदिनाला त्याचा उल्लेख झाला नाही. ज्या विहिरींत माणसे गेली त्या विहिरींचे पाणी लोकांनी वर्षानुवर्षे भरले नाही, असे अजून काही गावांत सांगतात. सांगतात तेही हळू आवाजात, रझाकारीइतक्याच हळू. मुक्तीचा आनंद आम्हाला पूर्ण आहे. पण त्या आनंदाच्या पाठीशी हे मौन आहे, आणि १७ सप्टेंबरच्या व्यासपीठावरून ते कुणीतरी मोडायला हवे. जनार्दन मामांच्या स्तंभापुढे उभे राहून शोएबुल्ला खानांचे नाव घेता आले आणि त्या निरपराध गावकऱ्यांचीही आठवण करता आली, तर त्याने स्तंभाची उंची कमी होत नाही.

१ एप्रिल १९५० रोजी दख्खन रेडिओ ऑल इंडिया रेडिओत विलीन झाला. संस्थान गेले, हाली रुपया गेला, मोगलाई हा शब्दही म्हाताऱ्यांबरोबर चालला. पुढे परभणीला आकाशवाणीचे केंद्र आले, औरंगाबादेत आकाशवाणी आली, आणि आपल्या घरातली बाई रेडिओचे ऐकू लागली, कारण रेडिओ तिच्या भाषेत बोलू लागला. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून सुधा नरवणे बातम्या वाचत, तेव्हा चहाच्या आधणावर लक्ष ठेवत अर्धा महाराष्ट्र थांबे. कापसाला फवारणी कधी, मोसंबीच्या बागेला पाणी किती, ज्वारीवर कीड कोणती, हे परभणीहून मराठवाडी वळणाच्या मराठीत सांगितले जाई आणि शेतकरी बांधावर ट्रान्झिस्टर टांगून ते ऐके. १९४८ च्या त्या परक्या पेटीपासून इथवरचा प्रवास हाही मुक्तीचा भाग आहे, आणि त्याचा सोहळा कुणी करत नाही.

आज या केंद्रांची ताकद घटते आहे. स्थानिक कार्यक्रमांचे तास कमी होत चालले आहेत, जागा रिकाम्या आहेत, एकाच ठिकाणचा कार्यक्रम अनेक केंद्रांवरून जोडला जातो. खर्चाचे कारण पुढे येते आणि ते खोटे नाही. पण प्रत्येक जिल्ह्याच्या बोलीला आपला आवाज रेडिओवर ऐकू येणे ही चैन आहे असे जे समजतात, त्यांनी १९४८ च्या त्या संध्याकाळी माजघरात बसलेल्या बाईचा विचार करावा. राज्य बदलले आणि तिला ते दुसऱ्याने समजावून सांगावे लागले.

आमच्या मनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती घाईची आहे. राज्यकर्त्यांची भाषणे दफ्तरांत आहेत. निजामाचे बोलणे पुस्तकांत छापलेले सापडते, चौधरींचे आणि मुन्शींचे लेखन उपलब्ध आहे. ऐकणाऱ्यांचे काय? १९४८ साली जे मूल दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहे. जाफराबादेत, मंठ्यात, जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत अशी माणसे अजून आहेत आणि दर पावसाळ्यात कमी होत आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, गावकुसाबाहेर राहिलेली माणसे आहेत. प्रत्येकाची १७ सप्टेंबर वेगळी आहे. सत्कार करून त्यांना शाल दिली जाते, पण बोलू दिले जात नाही, कारण कार्यक्रमाला वेळ कमी असतो. पूर्वी आवाज टिपून ठेवायला केंद्र लागे, यंत्र लागे, परवानगी लागे. आता ते यंत्र प्रत्येक घरात प्रत्येकाच्या खिशात आहे. या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने, महाविद्यालयाने यंदाच्या १७ सप्टेंबरपासून एवढे करावे : मुलांना घरी पाठवावे, आणि ती जे टिपून आणतील ते नाव, गाव, तारीख घालून जपावे. जिल्हा ग्रंथालयात त्याला एक कपाट आणि एक संगणक मिळावा. हा अग्रलेख त्यासाठीच लिहिला आहे.

मुलांनी भाषण मागू नये. आजीजवळ बसावे, तिला चहा करून द्यावा आणि साध्या गोष्टी विचाराव्यात. त्या दिवशी पाऊस होता का? घरात गणपती बसला होता का, आणि तो बोळवला का? फौजेचे ट्रक तू पाहिलेस की तुला दाराआड ठेवले होते? रेडिओ गावात कुणाकडे होता? बातमी घरी कुणी आणली, ती कोणत्या शब्दांत सांगितली, आणि ऐकून तुझी आई काय म्हणाली? शेजारच्या मोहल्ल्यातली तुझी मैत्रीण दुसऱ्या दिवशी पाण्याला आली का?